शिबिर आणि परतीची वाट

आपल्याकडे शाळेच्या स्नेहसंमेलनाला सगळे ‘गॅदरिंग’ म्हणतात आणि गावातल्या अखंड हरिनाम सप्ताहाला ‘सप्ता’. जुन्नर-आंबेगावातल्या माणसाला हे दोन्ही शब्द समजावून सांगावे लागत नाहीत. दरवर्षी ठरलेल्या दिवसांत माणसे जमतात, एका पंगतीत जेवतात, ऐकतात, गातात आणि घरी जाताना मनात काहीतरी घेऊन जातात. मी आज ज्या मेळाव्यांविषयी लिहिणार आहे, ते या दोघांच्या मधोमध बसणारे आहेत. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी ख्रिस्ती विद्यार्थ्यांचे वार्षिक मेळावे सुरू झाले आणि बघता बघता जगभर पसरले. त्यांच्या इतिहासात कोल्हापूर आहे, पुणे आहे, लोणावळा आहे, केडगाव आहे. म्हणजे बराचसा इतिहास आपल्याच अंगणातला आहे.

हा विषय निवडण्याचे कारण आपल्या बॅचच्या ग्रुपवर चाललेली चर्चा. शाळेला वर्गखोलीचे पंखे किंवा पाण्याची टाकी देण्यापेक्षा नववीच्या मुलामुलींसाठी दरवर्षी आठवडाभराचे निवासी शिबिर भरवावे, असे काहींनी सुचवले. लगेच दुसऱ्या बाजूने प्रश्न आले. आठवडाभर मुले घराबाहेर राहणार, त्यांच्याशी बोलायला कोण येणार? ते काय सांगणार? आणि मुले कसल्या शपथा घेऊन घरी येणार? प्रश्न विचारणाऱ्यांपैकी दोघे स्वतः शिक्षक आहेत, त्यामुळे तो नुसता खोडा नव्हता. मला वाटते, हे प्रश्न रास्त आहेत आणि जुनेही आहेत. पुण्यात सव्वाशे वर्षांपूर्वी याच प्रश्नांवर मोठे वादळ झाले होते. त्या वादळाची हकीकत समजून घेतली तर आपला निर्णय सोपा होईल, म्हणून हा लेख.

आधी आपल्या तालुक्याचे सांगते. शिवनेरी, लेण्याद्री आणि नाणेघाट यांच्यामुळे जुन्नरचा इतिहास म्हटला की आपण थेट सातवाहनांपर्यंत जातो. इंग्रजी अमदानीतले जुन्नर मात्र फारसे कुणाच्या बोलण्यात येत नाही. इंग्लंडच्या चर्च मिशनरी सोसायटीने नाशिकला १८३२ साली ठाणे उघडले आणि त्यानंतर १८४६ साली जुन्नरला. त्यांच्या जुन्या कागदांत आपल्या गावाचे नाव ‘जुनीर’ असे येते. म्हणजे मुंबई-पुण्याच्या रेल्वेच्याही आधी ही मंडळी आपल्या बाजारपेठेत येऊन राहिली होती. शाळा काढणे, पुस्तके वाटणे आणि बाजारच्या दिवशी प्रवचन करणे ही तेव्हाच्या मिशनऱ्यांची सगळीकडची रीत होती. विद्यार्थ्यांना घरापासून दूर एकत्र आणून काही दिवस ठेवायचे, ही कल्पना पुढच्या पिढीची. ती अमेरिकेत जन्मली, पण तिच्या मुळाशी एक कोल्हापुरात जन्मलेला मुलगा होता.

कोल्हापूरचा मुलगा, अमेरिकेतले शिबिर

रॉयल वाइल्डर हे अमेरिकन मिशनरी १८५२ साली कोल्हापूरला आले. त्यांचा मुलगा रॉबर्ट १८६३ साली कोल्हापुरातच जन्मला आणि त्याचे बालपण तिथेच गेले. पुढे हे कुटुंब अमेरिकेला परतले. रॉबर्ट प्रिन्स्टनला शिकला आणि १८८६ साली पदवीधर झाला. त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात ड्वाइट मूडी या गाजलेल्या प्रवचनकाराने मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या माउंट हर्मन या गावी आपल्या शाळेच्या आवारात कॉलेजच्या विद्यार्थ्यांना बोलावले. ८९ कॉलेजांतून २५१ विद्यार्थी आले. मुक्काम जवळजवळ महिनाभराचा होता. सकाळी बायबलचा अभ्यास आणि व्याख्याने, दुपारी खेळ आणि पोहणे, संध्याकाळी पुन्हा सभा. आपल्या एन.एस.एस.च्या शिबिरात दुपारी श्रमदान असते, तिथे खेळ होते. बाकी दिनक्रम ओळखीचा वाटेल.

या मेळाव्यात परदेशी मिशनकार्याचा विषय मूडीच्या मूळ बेतात विशेष नव्हता. तो रॉबर्ट वाइल्डर आणि त्याच्यासारख्या काही विद्यार्थ्यांनी आणला. मेळावा सुरू झाला तेव्हा परदेशी जायला तयार असलेली मुले वीस-एकवीस होती. एका संध्याकाळी दहा वेगवेगळ्या देशांविषयी दहा जणांनी थोडक्यात बोलायचे, अशी सभा झाली. त्यानंतर मुले एकेकट्याने येऊन नावे देऊ लागली. मेळावा संपला तेव्हा ती संख्या शंभरावर गेली होती. त्या शंभरात कॉर्नेल विद्यापीठाचा जॉन मॉट नावाचा एक विद्यार्थी होता. याच मॉटला पुढे, १९४६ साली, शांततेचे नोबेल पारितोषिक मिळाले.

मेळाव्यानंतर वाइल्डर आणि जॉन फॉरमन हे दोघे वर्षभर अमेरिकेतल्या कॉलेजांतून हिंडले. फॉरमनचे वडीलही लाहोरला मिशनरी होते. म्हणजे दोघांचाही हिंदुस्थानशी घरचा संबंध. वर्षाअखेर दोन हजारांहून अधिक विद्यार्थ्यांनी सह्या केल्या होत्या. १८८८ साली या चळवळीची रीतसर संघटना उभी राहिली. मूडीचे नॉर्थफील्ड हे गाव जवळच होते, तिथे १८८७ पासून दर उन्हाळ्यात विद्यार्थी मेळावा भरू लागला.

इथे एक योगायोग सांगण्यासारखा आहे. १८८६ च्या मार्चमध्ये आनंदीबाई जोशी फिलाडेल्फियाला डॉक्टर झाल्या. त्या समारंभासाठी पंडिता रमाबाई इंग्लंडहून अमेरिकेला आल्या आणि मग तिथेच अडीच वर्षांहून अधिक काळ राहिल्या. म्हणजे माउंट हर्मनला तो महिनाभराचा मेळावा चालू होता तेव्हा आपल्या दोन्ही मराठी बाया अमेरिकेतच होत्या. रमाबाईंनी त्या देशातल्या संस्था, सभा, बायकांची मंडळे हे सारे बारकाईने पाहिले आणि परत आल्यावर १८८९ साली ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिति आणि प्रवासवृत्त’ हे पुस्तक मराठीत लिहिले. लोकांनी आपण होऊन एकत्र यायचे, वर्गणी काढायची, अध्यक्ष निवडायचा आणि काम चालवायचे, या रीतीचे त्यांना फार अप्रूप वाटले होते.

उन्हाळी मेळावा जगभर जातो

त्यानंतर ही पद्धत ज्या वेगाने पसरली तो बघण्यासारखा आहे. १८८९ साली जपानमध्ये क्योतो इथे असा मेळावा झाला. वाइल्डर ब्रिटनच्या विद्यापीठांत हिंडून आला आणि १८९२ साली तिथेही संघटना झाली. १८९३ पासून केझिक या गावी ब्रिटिश विद्यार्थ्यांचा उन्हाळी मेळावा भरू लागला. १८९५ च्या ऑगस्टमध्ये स्वीडनमधल्या वाडस्टेना इथल्या किल्ल्यात मॉट आणि काही मोजक्या मंडळींनी जागतिक विद्यार्थी ख्रिस्ती महासंघ स्थापन केला. तिथून मॉट जगप्रवासाला निघाला आणि १८९५-९६ च्या हिवाळ्यात हिंदुस्थानात आला. शहरोशहरी विद्यार्थ्यांच्या परिषदा घेत तो फिरला.

आणि कोल्हापूरचा रॉबर्ट वाइल्डर? तो १८९२ च्या अखेरीस हिंदुस्थानात परत आला आणि कॉलेजच्या विद्यार्थ्यांमध्ये काम करू लागला. त्याच्या कामाच्या गावांत कलकत्त्याबरोबर आपले पुणेही होते.

या पसाऱ्यात मला सर्वांत मोलाची वाटते ती एक गोष्ट. हे मेळावे मुख्यतः विद्यार्थ्यांनी चालवलेले होते. नावे नोंदवणे, खोल्या वाटणे, सभा चालवणे, हिशेब ठेवणे, पुढच्या वर्षीची समिती निवडणे ही कामे वीस-बावीस वर्षांची मुले करत. मॉट, वाइल्डर ही माणसे घडली ती ऐकलेल्या प्रवचनांइतकीच या कामांतून घडली. आपल्याला शाळेत कुणी दहा रुपयांचा हिशेब ठेवायला दिला असेल तर तो अजून आठवतो, तसेच हे.

पण नाण्याला दुसरी बाजू होती. मेळाव्याच्या शेवटी एक प्रतिज्ञापत्र पुढे यायचे आणि त्यावर सही करायची असे. सगळे मित्र सही करताहेत, गाणी चालू आहेत, उद्या घरी जायचे आहे, अशा वेळी केलेली सही किती पक्की? सह्या करणाऱ्यांपैकी कितीतरी जण परदेशी गेलेच नाहीत. चळवळीलाही ते उमगले. काही वर्षांतच प्रतिज्ञेची भाषा बदलून ती अधिक मोजूनमापून केली गेली. नुसती तयारी आणि इच्छा न सांगता, देवाची मर्जी असेल तर जाण्याचा आपला हेतू आहे, असे लिहून द्यायचे ठरले.

आमच्या आयटी क्षेत्रात लोणावळ्याच्या रिसॉर्टवर दोन दिवसांची ‘ऑफसाइट’ असते. शेवटच्या तासाला सगळ्यांना पिवळ्या चिकट कागदावर संकल्प लिहायला लावतात आणि ते कागद फळ्यावर डकवतात. सोमवारी ते कागद कुठे असतात, ते आमच्यापैकी कुणालाच माहीत नसते. नोकरदार माणसाचे त्यात फारसे बिघडत नाही. माउंट हर्मनच्या मुलांचेही फारसे बिघडले नाही, कारण त्यांना घर होते, शिक्षण होते आणि मत बदलायची मुभा होती. ही मुभा ज्यांना नसते, त्यांचे काय? या प्रश्नासाठी आपल्याला पुण्याला यावे लागेल.

शारदा सदन आणि उघडा दरवाजा

पंडिता रमाबाई १८८३ साली इंग्लंडमध्ये ख्रिस्ती झाल्या होत्या. अमेरिकेत त्यांच्या मदतीसाठी १८८७ च्या डिसेंबरात बॉस्टनला एक मंडळ स्थापन झाले. उच्चवर्णीय विधवांसाठी शाळा काढायची, तिच्यात कुठलाही धर्म शिकवायचा नाही, आणि मंडळाने दहा वर्षे खर्च चालवायचा, असे ठरले. त्याप्रमाणे ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन सुरू झाले. पुढच्या वर्षी ते पुण्याला आले. न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर यांच्यासारखी माणसे सल्लागार मंडळावर होती.

सदनात मुलींनी आपापल्या धर्माप्रमाणे वागावे, सोवळे-ओवळे पाळावे, याला मोकळीक होती. रमाबाई आपल्या मुलीला, मनोरमेला, घेऊन आपल्या खोलीत प्रार्थना करत. खोलीचा दरवाजा त्या उघडा ठेवत. कुणी मुलगी येऊन बसली तर तिला बस म्हणत नसत आणि ऊठही म्हणत नसत. हळूहळू काही मुली येऊन बसू लागल्या. मग काहींचा कल ख्रिस्ती धर्माकडे झाला. १८९३ साली याचा बोभाटा झाला. ‘केसरी’ने कडक टीका केली. रानडे आणि भांडारकर यांनी सल्लागार मंडळ सोडले. पालकांनी वीसहून अधिक मुली काढून नेल्या.

आपण वाचताना पटकन एका बाजूला जाऊन बसतो. ख्रिस्ती मंडळींच्या लेखनात रमाबाईंचा छळ झाल्याचे वर्णन असते. दुसरीकडच्या लेखनात विश्वासघात झाल्याचे. मला दोन्ही बाजूंचे काहीतरी पटते. मुलींना शिकवायला दुसरे कोण पुढे येत होते? आणि खोलीत येणाऱ्या मुलीला हाकलून लावणे हेही बळजबरीचेच नव्हे का? हे रमाबाईंचे म्हणणे खोटे नव्हते. उलट, ज्या घरात आपण जेवतो, ज्या बाईंच्या आधाराने आपले पुढचे आयुष्य उभे राहणार आहे, त्यांच्या उघड्या दाराची ओढ ही साधी ओढ नसते, हे पालकांचे म्हणणेही खोटे नव्हते.

या सदनाची पहिली विद्यार्थिनी होती गोदूबाई. मुंबईला सदन उघडले त्या दिवशीच ती दाखल झाली. ती चार वर्षे तिथे राहिली, शिकली, रमाबाईंचे तिच्यावर प्रेम होते आणि तिचेही त्यांच्यावर. पण ती हिंदूच राहिली. १८९३ च्या मार्चमध्ये, म्हणजे वादळाच्या त्याच वर्षी, तिने धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाह केला आणि ती आनंदीबाई कर्वे झाली. अण्णासाहेबांनी १८९६ साली विधवांसाठी आश्रम काढला, पुढे तो हिंगण्याला गेला, आणि १९१६ साली महिला विद्यापीठ झाले. या साऱ्या कामाच्या पायात शारदा सदनात शिकलेली ही बाई होती. आपले आयुष्य तिने ‘माझे पुराण’ या पुस्तकात सांगितले आहे, ते ज्यांनी वाचले नसेल त्यांनी जरूर वाचावे. गोदूबाईला भाऊ होता, माहेर होते. बाहेर पडून वेगळी वाट धरायला जागा होती. म्हणून उघड्या दाराने तिचे भले केले आणि तिला बांधूनही ठेवले नाही.

लोणावळ्याचा मेळावा

या वादळानंतर रमाबाई मोकळेपणाने ख्रिस्ती काम करू लागल्या. त्या काळात लोणावळ्याला मेथडिस्ट मंडळींचा वार्षिक मेळावा भरत असे. त्याला ‘कॅम्प मीटिंग’ म्हणत. ही रीत मूळची अमेरिकेच्या सरहद्दीवरची. दूरदूरचे शेतकरी गाड्या जुंपून, तंबू घेऊन एका जागी येत आणि दिवसेंदिवस प्रवचने, गाणी, प्रार्थना चालत. आपल्या सप्त्याची आठवण व्हावी अशीच. आपल्याकडे मेथडिस्टांचे काम १८७० नंतर मुंबईतल्या इंग्रजी बोलणाऱ्या लोकांत सुरू झाले आणि रेल्वेच्या कडेने पसरले. बोरघाटाचा लोहमार्ग १८६३ साली पुरा झाल्यावर लोणावळा हे रेल्वेचे गाव बनले. हवा थंड, मुंबई आणि पुणे दोन्हीकडून गाडी थेट येते, आणि रेल्वेतल्या ख्रिस्ती कुटुंबांची वस्ती. मेळाव्याला याहून सोयीची जागा कुठली मिळणार?

रमाबाई सदनातल्या ख्रिस्ती झालेल्या मुलींना घेऊन तिथे जात. त्यांतल्या एका मेळाव्याची हकीकत त्यांनी स्वतः लिहून ठेवली आहे. त्या वर्षी त्यांच्याबरोबर १५ मुली होत्या. पहाटे त्या एकट्याच रानात गेल्या, समोर सूर्य उगवत होता, आणि त्यांनी या पंधरा मुलींसाठी देवाचे आभार मानले. मग त्यांनी मागणे केले की पुढच्या मेळाव्यापर्यंत या संख्येचा वर्ग व्हावा. पंधरांचा वर्ग म्हणजे २२५. मी गणिताच्या वाटेने इंजिनिअरिंगला गेलेली, त्यामुळे हे मागणे वाचून मी थबकलेच. संस्कृत पुराणे मुखोद्गत असलेल्या बाईने देवाकडे वर्ग मागितला!

त्यानंतर १८९६-९७ चा दुष्काळ आला. रमाबाईंचे स्वतःचे आईवडील १८७४ च्या सुमारास दुष्काळातच गेले होते, त्यामुळे त्यांना घरी बसवेना. त्या मध्य प्रांतात गेल्या आणि तिथून सुमारे ३०० मुली-बायका वाचवून आणल्या. पुण्यात प्लेग, म्हणून शहरात एवढ्या माणसांना ठेवता येईना. मग सगळ्यांना केडगावला, आधी घेऊन ठेवलेल्या शंभर एकर शेतावर नेले. तिथेच मुक्ती सदन उभे राहिले. १९०० च्या गुजरातेतल्या दुष्काळानंतर तिथली संख्या दोन हजारांच्या घरात गेली. शेती, विणकाम, घाणा, छापखाना हे सारे मुली चालवत. रमाबाईंनी केलेले बायबलचे मराठी भाषांतर मुलींनीच खिळे जुळवून छापले.

रमाबाई नसत्या तर या मुलींचे काय झाले असते, हे सांगायला नको. दुष्काळात अशा मुलींना पळवून विकणारे टपलेलेच असत. तरीही एक प्रश्न उरतो. माउंट हर्मनचा विद्यार्थी सही करून घरी गेला आणि मन बदलले तर बदलले. गोदूबाई सदनातून निघाली आणि कर्व्यांच्या घरी गेली. दुष्काळातून आलेल्या आठ-दहा वर्षांच्या अनाथ मुलीला मात्र परत जायला घरच नव्हते. तिने केडगावच्या प्रार्थनेत हात वर केला, तर तो निर्णय तिचा किती आणि भाकरीचा किती, हे तिला तरी सांगता आले असते का? रमाबाईंच्या थोरवीला यामुळे बाध येत नाही. पण शिबिर भरवणाऱ्याने हा प्रश्न स्वतःला विचारायला हवा.

१९०५ च्या जानेवारीत रमाबाईंनी केडगावला एक प्रार्थनागट सुरू केला. सुरुवातीला सुमारे ७० जणी होत्या, जूनपर्यंत ५५० झाल्या. त्याच वेळी आसपासच्या गावांत जाऊन काम करायला कोण तयार आहे असे त्यांनी विचारले, तेव्हा सुमारे तीस तरुणींनी नावे दिली. ऐन १९०५ साली पुणे जिल्ह्यातल्या तीस मुलींनी घराच्या उंबऱ्याबाहेर जाऊन अनोळखी लोकांपुढे बोलायचे ठरवणे, ही केवढी गोष्ट आहे! ज्या मेळाव्याविषयी मी वर शंका घेतली, त्याच मेळाव्याने त्यांना ते बळही दिले. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत.

ज्यांच्यासाठी, त्यांच्या हाती

पुढची हकीकत भराभर सांगते. १९०७ साली जागतिक विद्यार्थी महासंघाची परिषद टोकियोला भरली. आशिया खंडातली ती पहिलीच. तिथे गेलेल्या भारतीयांत तमिळ मुलखातले व्ही. एस. अझरय्या होते. १९१० साली एडिंबरोच्या मोठ्या मिशनरी परिषदेत त्यांनी गोऱ्या मंडळींना तोंडावर सांगितले की तुम्ही पुष्कळ त्याग केलात, पण आम्हाला बरोबरीने वागवणारे मित्र हवे आहेत. १९१२ साली भारताची स्टुडंट ख्रिश्चन मूव्हमेंट स्थापन झाली. १९५४ साली युनियन ऑफ इव्हँजेलिकल स्टुडंट्स ऑफ इंडिया ही दुसरी संघटना आली. दोन्हींची विद्यार्थी शिबिरे आजही भरतात.

मराठी मुलखात हाच सूर रेव्हरंड ना. वा. टिळकांनी लावला. १८९५ साली ते ख्रिस्ती झाले, पण १९१७ साली त्यांनी मिशनची नोकरी सोडली आणि साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ मांडला. त्यात बाप्तिस्मा घेतलेल्यांना आणि न घेतलेल्यांना एकत्र बसता येत होते. अभंग, ओवी, भजन यांतून त्यांनी ख्रिस्ती भक्ती मराठी केली. ज्याने आत यावे त्याने आपले सगळे बाहेर टाकून यावे, ही अट त्यांना मान्य नव्हती.

विद्यार्थ्यांनी काही दिवस एकत्र राहायचे ही रीत तोवर सगळ्यांचीच झाली होती. राष्ट्र सेवा दल १९४१ साली सुरू झाले आणि त्याची शिबिरे गावोगाव झाली. एन.एस.एस. १९६९ साली, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, ३७ विद्यापीठांत सुरू झाली आणि सात दिवसांचे श्रमसंस्कार शिबिर प्रत्येक कॉलेजला ओळखीचे झाले. आपल्यापैकी अनेकांनी पाझर तलावाची माती उचलली, ती अशाच शिबिरांत. यांतले कोण कुणाकडून काय शिकले याची वंशावळ मांडायची मला गरज वाटत नाही. तरुणांना घरापासून थोडे दूर, समवयस्कांबरोबर, थोडे दिवस ठेवले की त्यांच्यात काहीतरी जागे होते, हे सगळ्यांनाच कळले. जे जागे होते ते फार ताकदीचे असते, म्हणूनच ते कुणाच्या हाती द्यायचे याची काळजीही खरी.

आता आपल्या शिबिराकडे येते. मी शिबिराच्या बाजूने आहे, आणि हा इतिहास वाचून जास्तच झाले. नववीतल्या ज्या मुलीने घोडेगाव-मंचरच्या पलीकडे एक रात्र काढलेली नाही, तिला सात दिवस स्वतःच्या जबाबदारीवर राहायला मिळणे हे पंख्याहून मोलाचे आहे. मात्र पैसे देणारे आपण असल्यामुळे काही गोष्टी आधी ठरवून लिहून ठेवाव्यात, असे माझे आग्रहाचे म्हणणे आहे.

पहिली गोष्ट, कारभार मुलांकडे असावा. स्वयंपाकाचे सामान, दिनक्रम, हिशेब हे दहावीत गेलेली आदल्या वर्षीची मुले बघतील आणि सर व बाई मागे उभे राहतील. वक्ते कोणते बोलवायचे यात मुलांचेही मत घ्यावे. वक्ता कुठल्याही विचाराचा, पक्षाचा, पंथाचा असो, त्याच्यानंतर मुलांना प्रश्न विचारायला तेवढाच वेळ मिळाला पाहिजे. दुसरे, शेवटच्या दिवशी शपथ, प्रतिज्ञा, सही, हात वर करणे यांतले काहीही नको. ज्याला काही ठरवायचे आहे त्याने घरी जावे, आईच्या हातचे जेवावे, चार रात्री झोपावे आणि मग ठरवावे. टिकायचे असेल ते टिकेल. तिसरे, कुठल्याही दिवशी पालक आले तर फाटक उघडे असावे आणि मुलाला घरी जायचे असेल तर एस.टी.च्या तिकिटाचे पैसे शिबिराच्या खात्यातून मिळावेत.

या शेवटच्या कलमाला ग्रुपवर कुणीतरी हसले होते. पण माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाचे कलम तेच आहे. रमाबाईंनी आत येण्याचे दार उघडे ठेवले, हा त्यांचा मोठेपणा. दुष्काळाने त्या मुलींचे बाहेर जाण्याचे दार बंद केले, हे त्या काळाचे दुर्दैव. आपल्यावर तसा काळ नाही. आपल्याला दोन्ही दारे उघडी ठेवता येतील. बॅचच्या सभेत हा विषय येईल तेव्हा वर्गणीच्या आकड्याआधी या तीन गोष्टींवर बोलू या. आणि आपल्या सर-बाईंनी त्यांत आणखी भर घालावी, अशी त्यांना विनंती आहे. वर्गातले दार कधी उघडायचे आणि कधी लावायचे, हे त्यांना आपल्यापेक्षा जास्त ठाऊक आहे.